गुरुजींच्या मानेवरचं जू

जोडीवाले गुरुजी कोणतीच वस्तू एकटी पाहत नव्हते. बाजारातून संत्री घेतली तं दोन घेत, एक सौंसरच्या बगिच्यातलं अन् एक पांढुर्ण्याकडचं. माह्या दुकानातल्या फळीवर दोन्ही बाजूबाजूले ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत अन् पाहत बसत. मी म्हणो, गुरुजी, खा ना आता, वाळून जातीन. तं म्हणत, "थांब किसना. हे एकटं होतं तोवर मला पिवळं वाटत होतं. बाजूला दुसरं ठेवलं तेव्हा कळलं, हे अजून हिरवं आहे." मंग दोन्ही सोलून अर्धं-अर्धं मले देत. मले दोन्ही सारखीच गोड लागत. फुकटची वस्तू मले आजपर्यंत आंबट लागली नाही.

गुरुजी मूळचे पांढुर्ण्याचे. सौंसरच्या सरकारी शाळेत मोठ्या वर्गायले इंग्रजी शिकवत. माह्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली होती, शनिवारी दुपारच्या बसनं घरी जात अन् सोमवारी सकाळी परत. सौंसरात बसून पांढुर्ण्याच्या गोष्टी सांगत, अन् पांढुर्ण्याचे लोक सांगत का तिकडं ते सौंसरच्या सांगतात. मी एकदा इचारलं, असं काहून. तं म्हणे, घर कसं आहे ते घरातून निघाल्याबिगर दिसत नाही. दोन धोतरं, दोन दौती, दोन चष्मे, सगळं जोडीनं ठेवत. म्हणून लोकायनं नाव ठेवलं जोडीवाले गुरुजी. त्यायले ते माहीत होतं, अन् आवडतबी होतं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढं दोष कोणाले द्यायचा ते तुमाले सोपं जाईन. मी सुतार. बैलबंड्या, वखरं, जू, पाळणे, दरवाजे, सगळं बनवलं. शाळेत मी गेलो तो फक्त बाकडे ठोकायले. अक्षरं लई उशिरा शिकलो, म्हणून जसं बोलतो तसंच लिहून राहिलो. पण गावात माहं दुकान रंध्यापेक्षा तोंडावर जास्त चाले. माह्या स्वतःच्या लग्नाचा पाट मीच बनवला होता. त्याचा एक पाय बोटभर आखूड राहिला अन् मंगलाष्टकं चालू असताना मी सासऱ्याच्या अंगावर पडलो. ही गोष्ट मी हजार वेळा सांगतली असंन. लोक बंडीचं चाक दाखवायले येत अन् अर्धा दिवस हसून जात. चाक तसंच राहे.

माहा एक नियम होता. हसवायचं तं आपल्यावर हसवायचं. गुरुजी म्हणत, "स्वतःवर हसवणारा माणूस कोणाचं काही घेत नाही, किसना. म्हणून तुझ्याकडे यायला बरं वाटतं." हे वाक्य त्यायनं मले दोनदा तरी सांगतलं.

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. टॅक्टर एखाद-दुसऱ्या बड्या शेतकऱ्याकडं, बाकी सारी शेती बैलायवर. पोळ्याच्या आधी माह्याकडं जुवायची रांग लागे. अशाच एका दुपारी मी नवीन जू रंधत होतो अन् गुरुजी आले. रोज स्टुलावर बसत, त्या दिवशी उभेच राहिले. म्हणे, तीन दिवसांपासून एक इंग्रजी शब्द डोक्यात बसून राहिला आहे. शब्द होता जक्स्टापोझिशन. मी म्हटलं, गुरुजी, हा शब्द उचलायले दोन माणसं लागतीन. ते हसले नाहीत. माह्या हातातल्या लाकडाकडं बोट केलं अन् म्हणाले, "तो शब्द तू रंधून राहिलास."

मंग खाली बसून त्यायनं मले समजावलं. पोझिशन म्हणजे मांडणी, ठेवणं. जक्स्टा म्हणजे लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत अगदी लागून, शेजारी. दोन वस्तू एकमेकीच्या बाजूले मांडल्या का दोघींचा फरकबी दिसते अन् सारखेपणाबी, त्या मांडणीले हा शब्द. पूर्ण शब्द तसा अलीकडचा, तीनशे वर्षांआधी फ्रेंच लोकायनं दोन तुकडे जोडून बनवला अन् मंग इंग्रजायनं उचलला. पण जक्स्टा लई जुना. तो जुंपण्यावरून आला. एका जुवाखाली दोन जनावरं आली का ती एकमेकायले लागून उभी राहतात, म्हणून जक्स्टा म्हणजे लागून. अन् जुंपण्याचं जे मूळ तिकडं, तेच आपल्या संस्कृतात. तिथं त्याचं युग झालं, अन् युग हजारो वर्षं लोकायच्या तोंडात घासून घासून आपलं जू झालं.

मी रंधा खाली ठेवला. म्हटलं, म्हणजे साहेब लोकबी बैलच जुंपत होते का?

"सगळेच जुंपत होते रे," गुरुजी म्हणाले.

खरं सांगतो, त्या दिवशी मले रात्रभर चढल्यासारखं वाटलं. ज्या माणसाले सही करता येत नाही, तो इंग्रजी शब्द तासून राहिला होता. पुढचे आठ दिवस जो गिऱ्हाईक आला त्याले मी म्हणो, घे बाप्पा, याच्यात इंग्रजी आहे. एका म्हाताऱ्यानं इचारलं, मंग बैलायले समजंन ना?

त्याच दुपारी गुरुजींनी अजून एक गोष्ट इचारली. दोन बैल सारख्या ताकदीचे नसले तं काय करता? मी त्यायले नाडा दाखवला. जुवाच्या बरोबर मधात दोराचा नाडा बांधतात, वखराची दांडी त्याले अडकते. दोन्ही बैल सारखे असले तं नाडा मधात. एक बैल थकला असला तं नाडा चार बोटं दुसऱ्याकडं, दमदार बैलाकडं सरकवायचा. थकलेल्याकडचं लाकूड लांब होते अन् त्याच्या मानेवर भार कमी पडते. गुरुजी म्हणाले, थकलेल्याला सोडून का नाही देत? मी म्हटलं, सोडला तं त्याले कोण ठेवते? नाडा सरकवला तं अजून दोन हंगाम घरीच राहते. गुरुजी त्या नाड्याची गाठ बोटानं चाचपत बराच वेळ बसले.

तेव्हा मले माहीत नव्हतं, पण शाळेत त्यायचं काही ठीक चाललं नव्हतं. छिंदवाड्याहून एक नवे सर आले होते, जवान, पँटात शर्ट खोसलेले. हेडमास्तरचं म्हणणं होतं का मोठ्या वर्गायचं इंग्रजी आता त्यायनं घ्यावं. गुरुजी एकेका शब्दावर तास घालवतात, पोरायचे धडे मागं राहतात. पोळा झाल्यावर तपासणीवाले साहेब येणार होते, ते वर्ग पाहतीन अन् मंग ठरंन. गुरुजींनी हे मले एकदाच सांगतलं, तेबी रंध्याचे साल गोळा करता करता. म्हणाले, "ते दोन वर्ग आहेत म्हणून मी सकाळी उठून दाढी करतो, किसना. ते गेले तर शाळेत जायचं काय अन् नाही काय."

त्यायनं साहेबासमोर हाच शब्द शिकवायचं ठरवलं. मी जू घेऊन शाळेत यायचं, वर्गासमोर धरायचं. बस. ते म्हणाले, तू फक्त धर, बोलायचं मी पाहतो. मी हो म्हटलं. बायकोनं पांढरा सदरा धुऊन दिला. तीबी म्हणाली, तोंडाले कुलूप लावून जा.

वर्ग भरलेला होता. साहेब खुर्चीत, हातात हजेरीचं रजिस्टर, त्यानंच हवा घेऊन राहिले होते. बाजूले हेडमास्तर, भिंतीपाशी नवे सर. गुरुजी नवं धोतर नेसून आले होते, दाढी एकदम गुळगुळीत. फळ्यावर त्यायनं तो लांब शब्द लिहिला अन् पोरायले इचारलं, याच्यात काय दिसते? कोणी बोललं नाही. एरवी ती पोरं माकडासारखी उड्या मारत, साहेबाले पाहून सारी बर्फ झाली. गुरुजींनी अजून एकदा इचारलं. साहेबानं जांभई दिली. मले ती शांतता सहन होईना. मले कोणतीच शांतता सहन होत नाही, मयतीतबी नाही.

मंग गुरुजींनी एक मोठं काम केलं. ते म्हणाले, ठीक आहे, आपण करूनच पाहू. अन् नव्या सरांले बोलावलं. म्हणाले, सर, या, माझ्या बाजूला उभे राहा. म्हातारा अन् जवान, धोतर अन् पँट, पांढुर्णा अन् छिंदवाडा, पण एकच विषय शिकवणारे. बाजूबाजूला उभे राहिलो का पोरांना फरक दिसंन अन् सारखेपणाही. असं म्हणून त्यायनं स्वतःच मान वाकवली अन् माह्या हातातलं जू आपल्या खांद्यावर घेतलं. नवे सर हसत हसत दुसऱ्या बाजूले शिरले. जो माणूस आपला वर्ग घ्यायले आला, त्यालेच त्यायनं मानानं बाजूले उभं केलं होतं. आज मले ते समजते. तेव्हा मले फक्त इतकंच दिसलं का साहेब हसून नाही राहिला.

मी पुढं झालो. नाड्याची गाठ धरली अन् चार बोटं नव्या सरांकडं सरकवली. अन् म्हटलं, "साहेब, डावा बैल थकला. नाडा सरकवाच लागते."

सारी पोरं शेतकऱ्यायची. त्यायले फोड करून सांगायची गरज नव्हती. वर्ग असा हसला का बाहेरच्या झाडावरचे बगळे उडाले. नवे सर हसले, हेडमास्तर हसले. साहेबानं रजिस्टर मांडीवर आपटलं अन् म्हणाले, "बढिया। ये आदमी पढा-लिखा होता तो मास्टर होता।" मले आयुष्यात एवढी मोठी शाबासकी कोणी दिली नव्हती. मी हात जोडले. हात जोडून झाल्यावर मले गुरुजी दिसले.

ते अजून वाकलेलेच होते. हळूच त्यायनं जू खांद्यावरून काढलं, आवाज होऊ न देता भिंतीले टेकवलं अन् फळ्याकडं गेले. राहिलेला धडा शिकवला. जक्स्टा म्हणजे काय, पोझिशन म्हणजे काय, सगळं सांगतलं. पोरं आता पटापट उत्तरं देऊन राहिली होती, कारण ती हसून मोकळी झाली होती. मी तिथून निघालो तो सरळ घरी. जू न्यायचंबी ध्यानात राहिलं नाही. हे मी लोकायले सांगतो. खरं म्हणजे ध्यानात होतं, पण परत त्या वर्गात शिरायची हिंमत झाली नाही.

आठ दिवसांत निकाल लागला. हेडमास्तरनं गुरुजींले बोलावून सांगतलं का किसना सुतार बोलला ते खरं आहे, तुमचा भार आता कमी केला पाहिजे. माहं वाक्य. माह्याच तोंडाचं. साहेबाच्या कागदातबी म्हणे तसंच काही लिहून आलं. मोठे वर्ग नव्या सरांले गेले, गुरुजींले सहावीची एबीसीडी. अन् मले काय भेटलं? शाळेचे सगळे मोडके बाकडे दुरुस्त करायचं काम. हेडमास्तर म्हणाले, तुझ्यासारखा हसरा माणूस शाळेत यायला पाहिजे. मी ते काम घेतलं. नाही म्हणायले पाहिजे होतं, हे मले सहा बाकडे ठोकून झाल्यावर सुचलं. मंग बाकीचेबी ठोकले.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी गुरुजी दुकानात आले. माहं जू घेऊन. शाळेपासून दुकानापर्यंतचा रस्ता बाजारातून जाते. त्या साऱ्या बाजारातून ते म्हातारं माणूस खांद्यावर जू घेऊन आलं होतं. तोवर माही मसकरी घरोघरी गेली होती. त्यायच्या मागून कोणीतरी बैल हाकतात तशी जिभेची टिचकी वाजवली, ते मी दुकानातून ऐकलं. मी धावत जाऊन ते घेऊ शकत होतो. मी पटाशीले धार लावत बसलो, जशी काही त्या पटाशीवर सौंसरची इज्जत अडली होती.

गुरुजींनी जू फळीवर ठेवलं. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. म्हणाले, "पोरांना शब्द मात्र पक्का समजला, किसना. आता ती तो विसरणार नाहीत." मी म्हटलं, हो ना गुरुजी. जाताना ते उंबऱ्यावर थांबले. "एक सांगू? नाडा बैलावर दया करून सरकवतात. तूच सांगितलं होतंस. तू माझा नाडा लोकांना हसवायला सरकवला."

आवाज चढवला नाही त्यायनं. शिवी दिली असती तं मी तीबी गोष्ट करून लोकायले सांगतली असती.

नंतर गुरुजी दुकानात आले नाहीत, अन् मी त्यायच्या गल्लीनं जाणं सोडलं. माहं घर त्याच गल्लीच्या टोकाले होतं, तं मी शेताकडून वळसा घालून घरी जाऊ लागलो. बायको म्हणे, तुमाले काय साप चावला का? एकदा शनिवारी जामसांवलीले हनुमानाच्या दर्शनाले गेलो तं समोरून गुरुजी. पांढुर्ण्याले जाता जाता मधात उतरले असतीन. मी नारळवाल्याच्या पाटीमागं वाकलो. नारळवाला इचारते, काय पडलं? मी म्हटलं, चप्पल. तो म्हणे, ती तं तुह्या पायातच आहे. गुरुजींनी ऐकलं असंन. ते थांबले नाहीत. गर्दीत त्यायच्या हातात दोन नारळ दिसले. एक फोडायचा अन् एक घरी न्यायचा असंन, पण मले वाटलं, अजून जोडी सुटली नाही यायची.

लोकायनं मले हसवायचं सांगणं सोडलं नाही. पाटावरून पडल्याची गोष्ट सांग म्हणत, सांगो. मंग कोणीतरी म्हणे, आता ती बैलवाली सांग. मी म्हणो, आठवत नाही. मंग तोच सांगे, अन् माह्यापेक्षा चांगली सांगे. मीबी हसो. नाही हसलो तं इचारतीन, काहून नाही हसला, अन् त्याचं उत्तर द्या लागंन.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींची नोकरी संपली. पोरगा नागपूरले होता, त्याच्याकडं राहायले जाणार होते. ते तिकडंच वारले, मले कोणीतरी सहा महिन्यानं सांगतलं. म्हणून ते सौंसर सोडून निघाले त्या दिवशीची बसमधली भेट हीच शेवटची.

मी ठरवून गेलो होतो. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं. गुरुजी, मी चुकलो, माफ करा. पाच शब्द. लहान पोरगंबी पाठ करीन. स्टँडवर नागपूरची बस उभी, गुरुजींची पेटी अन् वळकटी खाली. मी न इचारता पेटी उचलली, वर टपावर चढवली, बांधली. खाली आलो तं गुरुजी खिडकीपाशी बसलेले, अन् बाजूची जागा रिकामी. म्हणाले, "बस ना, निघायला वेळ आहे."

बसलो. तोंड उघडलं, अन् तोंडातून निघालं, गुरुजी, टपावरून उतरताना आत्ता माहा पायजमा फाटला. खरंच फाटला होता. गुरुजी हसले. ते हसले तसं मले बरं वाटलं, अन् बरं वाटलं म्हणून मी अजून एक सांगतलं. मंग अजून एक. सासऱ्याची, दरवाज्याची, सगळ्या माह्यावरच्या. गुरुजी डोळे पुसत हसून राहिले होते. प्रत्येक गोष्ट संपली का मी मनात म्हणो, आता. अन् आता आलं का पुढची गोष्ट सुरू. बस कधी हालली ते समजलं नाही. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला तेव्हा पाह्यलं तं सौंसर मागं गेलं होतं.

गुरुजी म्हणाले, अरे, तू कुठं निघाला? मी कंडक्टरले म्हटलं, बोरगाव. बोरगावात माहं काही काम नव्हतं. पण वाटलं, बोरगावपर्यंत तं बोलूनच टाकीन. ते चार-सहा मैल मी एक शब्द बोललो नाही. बाहेर कपाशीची काळी वावरं जाऊन राहिली होती, नांगरलेली. दोघायचे खांदे बसच्या धक्क्यानं एकमेकायले लागत.

बोरगाव आलं. मी उतरलो. गुरुजींनी खिडकीतून हात बाहेर काढून माह्या हातावर ठेवला. म्हणाले, "किसना, तुला काही सांगायचं होतं का?"

मी म्हटलं, "नाही गुरुजी. बस हवा खायले आलो होतो."

त्यायनं मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली.

परतीले गाडी दुपारशिवाय नव्हती, तं मी पायीच निघालो. फाटक्या पायजम्यानं, उन्हात. त्या रस्त्यावर मले ते पाच शब्द बरोबर आले. मोठ्यानं म्हटले. कधी हळू, कधी रडून, कधी हात जोडून, एकदा तं रस्त्याच्या मधात उभं राहून. एक शब्द चुकला नाही, एकबी मसकरी मधात आली नाही. सौंसर येईपर्यंत मी म्हणत होतो. ऐकायले कोणी नव्हतं, म्हणूनच जमलं असंन.